सुकवारोच्या मोहाखाली

कॅरॅव्हॅन कॅम्पवर राहणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. घर चाकांवरचं असलं तरी शेजार असतोच, अन् तो दर दोन-चार दिवसांनी बदलतो. एकावरचा राग उतरायच्या आत दुसरा गाडी रिव्हर्स घेत येतो. मग साचत जातं सगळं. मी एसटीत ड्रायव्हर होतो, तेव्हा पॅसेंजर निदान तिरोड्याला उतरून तरी जायचे.

रिटायर झाल्यावर जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेतला, आत पलंग अन् शेगडी बसवली. आता उन्हाळा लागला की बायकोला, शांताला, घेऊन बोदलकसाच्या बाजूला एका तलावाकाठच्या कॅम्पवर मुक्काम ठोकतो. जागा झकास आहे. माणसांचं विचारू नका.

*

नागपूरचे एक साहेब आले. म्हणे शहराच्या गोंगाटानं डोकं उठलं, शांतता पाहिजे. आल्या आल्या त्यांनी जनरेटर काढला. एसी त्याच्यावर, फ्रिज त्याच्यावर. दिवसभर नुसती धडधड. तलावावरचे पक्षी उठून पलीकडच्या काठाला गेले. शांता म्हणे, जाऊ द्या, नवीन आहेत. मी दातओठ खात बसलो.

दुपारी साहेब स्वतःच आमच्या दारात. मला वाटलं, माणूस लाजला असेल.

"काका," म्हणतात, "काकू पाट्यावर चटणी वाटतात ना, त्या आवाजाचा फार त्रास होतो हो."

*

नंतर पुण्याची एक मॅडम अन् तिचे मिस्टर. भांडी धुतलेलं पाणी पाइपानं सरळ तलावात! त्याच तलावात गावचे ढिवर मासे धरतात, तिथंच गुरं पाणी पितात. शोषखड्डा दहा पावलांवर आहे, तो मी बोटानं दाखवला. मॅडम म्हणाल्या की त्यांचा साबण ऑरगॅनिक आहे, पोटात गेला तरी काही होत नाही.

माझं टाळकंच सरकलं. "होत नाही ना? मंग बसा जी. याच पाण्याचा चहा मांडतो, दोघंही घ्या."

चहा न घेताच गेले. जाताना इंटरनेटवर रिव्ह्यू टाकला : जागा सुंदर, पण लोकल शेजारी आक्रमक. तो आक्रमक शेजारी म्हणजे मी!

*

हे सगळं मी मॅनेजरच्या कानावर घातलं. त्यानं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी भलामोठा बोर्ड आणून लावला, 'निसर्गाचा आदर करा'. लावला कुठं, तर जिवंत साजाच्या झाडात लंबे लंबे खिळे ठोकून. काऊन रे बाबा म्हटलं, तर म्हणे, "काका, पक्का बसला पाहिजे ना."

*

अन् आता ते मोहाचं. हे आठवलं की आजही मला जेवण गोड लागत नाही.

कॅम्पच्या कोपऱ्यात एक जुना मोह आहे. तो सुकवारोचा. सुकवारो गोंड बाई, विधवा, तलावाच्या पाळीपलीकडं, बांधाच्या पल्याडच्या टोलीत, म्हणजे लहानशा वस्तीत राहते. तिच्या दिरानं जमीन कॅम्पवाल्याला विकली, तेव्हा गावासमोर ठरलं होतं की झाडाखालचा मोह, म्हणजे गळलेली फुलं, तीच वेचणार. मोहाचा हंगाम म्हणजे जेमतेम दोन-तीन आठवडे. फुलं वाळवून विकते, त्याच्यावर तिचं पावसाळ्यातलं मीठ-मिरची चालतं. म्हणून फुलं गळायच्या आधी ती झाडाखालचा पालापाचोळा जाळून, झाडून, जमीन ओसरीसारखी साफ करून ठेवते.

एक भलीमोठी कॅरॅव्हॅन आली अन् नेमकी त्या झाडलेल्या जागेवर लागली. गाडीचा मालक खूश. म्हणे, बघा सर्व्हिस, आमच्यासाठी जागा झाडून ठेवली!

सकाळी फटफटताच सुकवारो टोपली घेऊन आली. फुलं गाडीच्या छपरावर, ताडपत्रीवर, चटईवर पडलेली. ती वाकली तसा तो बाहेर येऊन ओरडला, "ए बाई, इथं आमचं बुकिंग आहे. बुकिंगशिवाय आत यायचं नाही." मी भांडलो, गावासमोर काय ठरलं ते सांगितलं. मॅनेजर म्हणे, काका, गेस्ट आहेत, उद्या बघू. सुकवारो रिकामी टोपली घेऊन गेली. त्याच्या बायकोनं वाटीभर फुलं वेचून फोटो काढले आणि बाकीची पाइपानं धुऊन टाकली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड!

आता, मोहाखाली पहाटे पहाटे कोणी राखण करणारं नसलं तर काय होते, ते आमच्या इकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रोज सुकवारो काठी घेऊन उभी असायची. दुसऱ्या दिवशी नव्हती.

आरडाओरडा ऐकून मी बाहेर आलो. गावची सगळी गुरं मोहाखाली. एक म्हैस चटईवर बसलेली, एक गोऱ्हा ताडपत्री चावून राहिलेला, एक बैल दाराला अंग घासून राहिलेला, गाडी गदागदा हलत होती. शेण तर विचारूच नका. गाडीवाले साहेब खिडकीतून अर्धे बाहेर.

सुकवारो कुंपणाच्या पलीकडं उभी होती. काठी हातात, टोपली कमरेवर. तिचा वर्षाचा मोह गुरं तिच्या डोळ्यांदेखत खाऊन राहिली होती.

"ओ बाई!" साहेब ओरडले, "बघत काय राहिलात, आत या ना, हाकला यांना!"

सुकवारोनं काठी खाली ठेवली.

"कशी येऊ जी? माहं बुकिंग नाही."