ट्रॅक्टरच्या बॅटरीवरचा टीव्ही

काल इस्लामपुरात गॅरेजमध्ये बॅटरीच्या ॲसिडचा उग्र वास आला आणि लहानपणीचा एक रविवार आठवला. ऐन आमच्या उडणाऱ्या वीराच्या मालिकेच्या वेळी वीज गेली होती. मी रडून वडिलांना, आण्णांना, ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडायला लावली. दुपारी त्याच ट्रॅक्टरने ऊस कारखान्यावर न्यायचा होता.

मालिकेच्या त्या भागात झाडावरचा पतंग काढताना वीराला उचकी लागली. प्रत्येक उचकीसरशी तो आणखी वर जाई, खाली काही येईना. आम्ही पोरं हसून लोळत होतो.

"आवं, बंद करा की. ट्रॅक्टर चालू व्हायचा न्हाई," आई म्हणाली.

"थांब गं, त्याला खाली तर येऊ दे!" आण्णा म्हणाले.

तेवढ्यात चित्र आक्रसून विझलं. बॅटरी परत बसवली, तर ट्रॅक्टरही चालू होईना. ट्रॉली सोडून आम्ही तो ढकलू लागलो. तोडलेला ऊस माझ्यामुळे वाळणार, म्हणून मी रडत होतो. ती टोचणी कित्येक वर्षं राहिली. आता बाप झाल्यावर मात्र पुढचंच जास्त आठवतं. इंजिन धडधडलं आणि आण्णा मागे वळून ओरडले, "रडतोस कशाला रं? पुढच्या रविवारी बॅटरी आधीच चार्जिंगला लावतो!"