तोंडातली काडी आणि हातभर बांध

कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला! पण सांगतो. हसायचं ते शेवटी हसा.

शेजारच्या दत्तूने बांध हातभर आमच्या शेतात सरकवलाय, असा मला दाट संशय. बायको म्हणाली, "अहो, मग जाऊन बोला की त्याच्याशी!"

बोलायचं? छे! गेला पंधरवडा मी मोबाइलवर इटलीत बनलेले काउबॉयचे सिनेमे बघत होतो. त्यातला हिरो बोलतो कुठे? अंगावर घोंगडी, तोंडाच्या कोपऱ्यात काडी, डोळे बारीक आणि समोरच्याकडे पाच-पाच मिनिटं नुसतं बघणं. मागे शिट्टीचं संगीत. समोरचा गोळीआधीच अर्धा मरतो!

ठरलं. कशेळ्याच्या बाजारात, भर मे महिन्यात, घोंगडी पांघरून मी दत्तूपासून दहा पावलांवर उभा राहिलो. तोंडात काडी. डोळे बारीक.

"काय रं, बाजारला आलास?" दत्तूने विचारलं.

मी गप्प.

"आरं, घोंगडी कशापायी? थंडी वाजते का?"

मी गप्पच. डोळे आणखी बारीक. घामाच्या नुसत्या धारा! भाजीवाल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. मनात म्हटलं, वा, काय दरारा आहे!

तेवढ्यात दत्तू ओरडला, "आरं धावा! ह्याचं तोंड वाकडं झालं! लकवा मारला ह्याला!"

"नाही रे" म्हणायला तोंड उघडलं, तर काडी घशात आडवी! बाहेर पडलं ते फक्त "घ्यॅऽऽ".

"वाचा बी गेली!" म्हणत दत्तूने मला पाठीवर उचललं, प्रवाशांनी भरलेली जीप रिकामी करायला लावली आणि थेट कर्जतचा दवाखाना गाठला. वाटभर माझा हात धरून, "घाबरू नको, मी हाय ना," म्हणत स्वतःच रडत होता.

डॉक्टरांनी चिमट्याने काडी काढली. "ही आत गेली कशी?"

"दात कोरत होतो," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

आणि वाचा परत आल्यावर मी निर्लज्जाने विषय कोणता काढावा? बांधाचा!

"येवढंच ना?" दत्तू म्हणाला. "उद्या मोजू."

मोजला. बांध हातभर सरकलेला होता, अगदी खरं. पण आमच्याकडून, त्याच्या शेतात!

मी मान खाली घालून म्हणालो, "दत्तू, घे बाबा तुझी जागा."

"राहू दे रं," तो माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाला. "आजारी माणसाकडनं काय घ्यायचं?"