थर्माकोलचा डबा आणि सब्जाचा ग्लास

आमच्या घरात काडी तपासल्याशिवाय द्राक्षबागेला कात्री लागत नाही. छाटणीच्या आधी प्रत्येक प्लॉटमधल्या काड्या कापून, ओल्या कापडात गुंडाळून प्रयोगशाळेत जातात. तिथे काडीवरचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आत घड आहे की नुसताच पाला. रिपोर्ट आला की सासूबाई चष्मा लावून स्वतः वाचतात. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण शंभर डोळ्यांत किती घड हे त्यांना मुलाच्या आधी कळतं. सायखेड्यातलं असं हे आमचं आधुनिक घर. लग्नानंतरची चार वर्षं मला मूल होत नव्हतं, आणि त्या चार वर्षांत या घराने माती तपासली, पाणी तपासलं, पानांचे देठ तपासले आणि मला तपासलं. माझा नवरा तेवढा तपासायचा राहिला.

"मला काय धाड भरलीय?" तो म्हणायचा. आणि खरंच, दिसायला त्याला काहीही झालेलं नव्हतं. पन्नास किलोचं पोतं एका दमात उचलायचा. पोतं उचलता येतं म्हणजे मूलही होतं, यावर घरात कुणाचाच आक्षेप नव्हता.

नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या नळ्या बघितल्या, रक्त बघितलं, दर महिन्याला सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल. दर वेळी त्या पेन खाली ठेवून विचारायच्या, "मिस्टरांची टेस्ट?" मिस्टर तेव्हा पार्किंगमध्ये असायचे. गाडीची इतकी काळजी अख्ख्या नाशिकमध्ये दुसऱ्या कुणी घेतली नसेल.

मग शाळेतल्या एका मैत्रिणीने चिनी सुयांचं नाव काढलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, हे इथे सांगायला जरा लाज वाटते. सुयांचे डॉक्टर आपलेच, मराठी, पण चीनला शिकून आलेले. भिंतीवर एका उघड्या माणसाचं चित्र, अंगभर ठिपके. त्यांनी माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवली, जीभ बाहेर काढायला लावली आणि म्हणाले, गर्भाशयात थंडी शिरली आहे. दही बंद, गार पाणी बंद, झोपताना आल्याचं गरम पाणी आणि पायात मोजे. हे मे महिन्यात.

घरी सासूबाईंचं निदान चार वर्षांपूर्वीच झालेलं होतं. "अंगात उष्णता हाय हिच्या, म्हणून नाय राहत." त्यामुळे रोज सकाळी भिजवलेल्या सब्जाचा गार ग्लास माझ्यासमोर यायचा आणि मी पिईपर्यंत त्या समोर उभ्या राहायच्या. सकाळी मला थंड करायचं, झोपताना गरम करायचं. माझ्या पोटात जणू हवामान खातंच उघडलं होतं. दोघांनाही माझ्या आत काय चाललंय ते पक्कं ठाऊक होतं, फक्त एकमेकांच्या बरोब्बर उलट.

तरी मी सुयांना जात राहिले. पोटावर, पायावर सुया टोचून ते कसलीशी वाळलेली पानं पेटवायचे, दवण्यासारखा वास सुटायचा आणि दिवा मंद करून ते निघून जायचे. त्या तासाभरात मला कुणी काही विचारत नसे. मी त्यासाठीच जात होते. भाऊबंदांत कुणाचं डोहाळजेवण असलं की ओटी भरायच्या वेळी कुंकवाची कोयरी माझ्या शेजारणीपर्यंत येऊन पलीकडच्या बाईकडे जायची. कुणी काही बोलत नसे, कोयरी आपोआप रस्ता बदलायची. त्या खोलीत असलं काही नव्हतं.

एकदा त्या डॉक्टरांनी नवऱ्याला आत बोलावलं. नाडी दाखवायला कपडे काढावे लागत नाहीत, म्हणून त्याने हात खुशीत पुढे केला. डॉक्टरांनी बराच वेळ मनगट धरलं, जीभ बघितली आणि म्हणाले, "मूत्रपिंडाची ऊब कमी आहे. सुया लावूच, पण आधी वीर्याची तपासणी करून घ्या." डॉक्टरीणबाई चार वर्षं हेच सांगत होत्या. फरक एवढाच की या वेळी सांगणारा पुरुष होता. नवरा लगेच तयार झाला.

पण डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या खोलीत नमुना द्यायला त्याने साफ नकार दिला. बाहेर बायका बसलेल्या असतात म्हणे. शेवटी डबी घरी आणली, तासाच्या आत पोचवायचं ठरलं. त्या दिवशी मी शाळेत होते. पोचवून आल्यावर त्याने काम फत्ते झाल्यासारखा फोन केला. आणि दुसऱ्या दिवशी मोबाईलवर रिपोर्ट आला. हालचाल करणारे शुक्राणू शून्य.

तो ओट्यावर बसून राहिला. सासूबाईंनी विचारलं, त्याने सांगितलं. त्या उठल्या. आत जाऊन त्याच्यासाठी चहा टाकला आणि इतकंच म्हणाल्या, "माणसाच्या हातात काय आसतं?" चार वर्षं ते माझ्या हातात होतं.

त्याच संध्याकाळी मला दवाखान्यातून फोन आला. फॉर्मवर माझा नंबर होता. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचा थर्माकोलचा डबा इथेच राहिलाय. आणि सरांनी सॅम्पल बर्फात आणलं होतं का? तसं चालत नाही, अंगाच्या उबेत आणायचं असतं. ही टेस्ट परत करावी लागेल."

मला एका क्षणात सगळं कळलं. आमच्या गोठ्यात गाय माजावर आली की जनावरांचे डॉक्टर येतात, धूर निघणाऱ्या डब्यातून गोठवलेल्या वीर्याची कांडी काढतात. तिथे जितकं गार तितकं चांगलं. माझ्या नवऱ्याने आयुष्यात वीर्याची वाहतूक फक्त अशीच बघितली होती. त्याने मनापासून काळजी घेतली होती.

हसू दाबताना माझ्या पोटात दुखलं. हे त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. पुढे आठ दिवस नाही सांगितलं. ते चुकलं असेल, पण मला तेव्हा फार बरं वाटत होतं.

त्या आठ दिवसांत माझा सब्जा बंद झाला. सासूबाई हळू आवाजात बोलायला लागल्या. एका डोहाळजेवणाचं बोलावणं आलं, तर त्यांनी परस्पर सांगून टाकलं, "आम्हाला नाय जमणार." मला चार वर्षं कुणी विचारलं नव्हतं की तुला जमेल का. नवरा बागेत जाऊन नुसता उभा राहायचा. घरात कुणी त्याच्यासमोर लहान मुलांचा विषयही काढत नव्हतं.

आठव्या दिवशी तो सुयांच्या डॉक्टरांकडे सुया टोचून टेबलावर पडला होता, मी शेजारी खुर्चीवर. त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि हातांना सुया असल्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हतं. मला ते बघवेना. ओढणीने पुसलं आणि सांगून टाकलं, "अहो, तुम्ही ते बर्फात नेलंत. रिपोर्ट चुकीचा आहे. परत टेस्ट करायचीय."

"पण गाईचं तर..." तो म्हणाला, आणि थांबला. मग म्हणाला, "तुला कधीपासून माहीत हाय?"

"रिपोर्ट आला त्याच दिवशी फोन आला होता."

"आठ दिवस?"

"हो. आठच."

सुया निघाल्या निघाल्या पार्किंगमध्ये जाऊन त्याने आईला फोन लावला. "काय नाय गं, बर्फाचा घोटाळा होता. मी एकदम ओके." दुसऱ्या दिवशी सकाळी सब्जाचा ग्लास माझ्यासमोर हजर. मी मुकाट्याने प्यायले आणि स्वतःच्या मऊपणाला शिव्या दिल्या.

दुसऱ्यांदा नमुना त्याने दवाखान्यातच दिला, बायकांसमोरून मान खाली घालून जाऊन. चार दिवसांनी कागद हातात आला. शून्य नव्हतं, पण कमीच होतं, संख्याही आणि हालचालही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपाय आहेत, आधी यांना औषधं सुरू करू. परतताना तो गाडीत म्हणाला, "आईला नको सांगू. तिला नाय सोसायचं."

मला सोसलं होतं, ते त्याच्या लक्षात आलं नसावं.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. "कसाय रिपोट?"

"चांगलाय," तो म्हणाला.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि हात पुढे केला. "बघू."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी पिशवीतून कागद काढून सरळ त्यांच्या हातात दिला. इंग्रजी त्यांना येत नाही, पण आकडे येतात. बोट एकेका ओळीवरून खाली आलं आणि हालचालीच्या आकड्यावर थांबलं. "शंभरात चालणारे एवढेच?" त्यांनी मला विचारलं.

"एवढेच."

त्यांनी चष्मा काढला, तांदळाचं ताट उचललं आणि आत निघून गेल्या. सकाळी नेहमीसारखा ग्लास आला. सासूबाई माझ्यासमोरून पुढे गेल्या, तो मुलापुढे ठेवला आणि समोर उभ्या राहिल्या.

"पी," त्या म्हणाल्या.

त्याने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मी त्याला सांगितलं, सब्जा चावायचा नाही, नुसता गिळायचा. सवय व्हायला साधारण वर्ष लागतं.