कालव्यावरचं रानडुक्कर

तीस वर्षं एसटी चालवून मी निवृत्त झालो, तेव्हा पोट स्टिअरिंगला टेकत होतं, रक्तात साखर होती आणि घराचा जिना चढलो तरी धाप लागायची. माझा मेहुणा शेतकरी, माझ्याहून थोडा लहान, अंगानं काटक. रोज उजाडलं की तो मला राहुरीजवळच्या कालव्याच्या भरावावर चालायला न्यायचा. मी टेकायला लागलो की म्हणायचा, "दाजी, हळू चला, पन चला." वर्षभरात मी न थांबता पुलापर्यंत जाऊ लागलो.

गेल्या हिवाळ्यात तिथं ऊसतोड चालू होती. तोडणीनं बिथरलेलं एक रानडुक्कर उसातून सुसाट आलं आणि पुढं चाललेल्या मेहुण्याला त्यानं आडवं पाडलं. तो उठायच्या आत डुकरानं त्याच्या मांडीत सुळा घालून वर ओढला. मांडी फाटली. तो लाथा झाडत होता, डुक्कर धडका देत होतं. मी हातातल्या काठीनं डुकराच्या तोंडावर मारत सुटलो. काठी मोडली, तेव्हा हातात उरलेला तुकडा डोळ्यात खुपसला. ते किंचाळलं आणि मला घासून उसात घुसलं.

रक्त उसळत होतं. मी खांद्यावरचा टॉवेल त्याच्या मांडीवर आवळून बांधला. मोबाईल दोघांचेही घरी. तोडणीचा ट्रॅक्टर पार पुलापाशी.

"पळा दाजी," तो म्हणाला. "मी दाबून धरतो."

मी पळालो. छातीत आग, तोंडात लोखंडाची चव, पण पाय थांबले नाहीत. ट्रॅक्टर घेऊनच परतलो आणि त्याला त्यात घालून नेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम शिवली, रक्त तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. "यांना शुगर आहे. माहीत होतं का?"

त्यानं जन्मात कधी तपासली नव्हती. काटक माणसाला कसली शुगर, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. पुढं जखम चिघळली. टाके उसवून दोनदा सडकं मांस कापावं लागलं. ड्रेसिंगच्या वेळी तो माझं मनगट असं आवळायचा की वळ उठायचे. एकदा दात आवळून म्हणाला, "डुकरानं येवढं न्हाई दुखवलं, दाजी."

पाय वाचला. तो लंगडतो, इन्सुलिनची सुई स्वतःच पोटात टोचून घेतो. त्याचा थोरला भाऊही तसाच काटक. परवा तो शुगर तपासायला यायला तयार होईना, तेव्हा ह्यानं त्याची कॉलर धरली आणि ओढत आणून गाडीवर बसवला.