पुढची बैठक

व्हर्लिन स्टॉरडलच्या होडीत तीन बैठका. मधल्या बैठकीवर बसून त्याने चाळीस वर्षं वल्ही मारली आणि पुढच्या-मागच्या बैठकांवर बसून शहरातल्या पाहुण्यांनी ट्राउट मासे पकडले. आमच्या माँटानात वल्ही ज्याच्या हातात, त्याच्या हातात गळाची काठी नसते. हलवायाने जन्मभर पेढे तोलावेत आणि घरी जाऊन पथ्याचं खावं, तसा प्रकार.

वर्षातून एक दिवस मात्र व्हर्लिनचा. जूनमध्ये डोंगरावरचं बर्फ वितळतं, नदी जास्त दूध घातलेल्या चहासारखी होऊन काठोकाठ धावते आणि केशरी पोटाचे बोटाएवढे किडे विलोच्या झुडपांवरून टपाटप पाण्यात पडू लागले की मासे त्यांच्यावर तुटून पडतात. त्या दिवशी त्याची बायको आर्डिस वल्ही घ्यायची आणि हा पुढे बसायचा.

चढलेल्या पाण्यात मधली धार एवढी ओढीची, की मासे काठाला चिकटून असतात. गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी काठापासून वीतभरात पडली तर मासा, नाहीतर नुसता दंडाचा व्यायाम. नांगर टाकून थांबायची सोय नाही. टाकलाच तर नदी होडीलाच पोटात घेते. म्हणजे एका झुडपाला एकच संधी. माशी कुठे टाकायची ते आर्डिस मागून सांगायची, "आत. अजून आत. झाडाला लाजू नकोस."

वळणावरच्या वाकड्या विलोखाली एक थोराड ट्राउट होता. त्याला ती पाद्रीबुवा म्हणायची. पोट मोठं आणि कामाला कधी सापडायचा नाही.

आर्डिस गेल्याला तीन जून झाले. तिन्ही जूनमध्ये व्हर्लिनने त्या दिवशी होडी काढली आणि समोरच्या रिकाम्या बैठकीकडे बघत तो एकटाच प्रवाहाबरोबर खाली गेला. वल्ही मारायला मी येतो म्हटलं, तर म्हणाला, "तुला न्हाणीच्या टबात बसवलं तरी काठावर आपटशील." मी शेजारी आहे त्याचा, वीस वर्षांपासूनचा. तरी हे.

ती वल्ही आर्डिसच्या वडिलांनी घडवलेली. आर्डिस गेल्यावर तिच्या धाकट्या बहिणीने, नेव्हाने, ती मागितली आणि याने नाही म्हटलं. तेव्हापासून अबोला. म्हणजे वल्ही याच्याकडे आणि ती चालवणारे हात तिच्याकडे.

या जूनला तो मला सोबत घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

"वल्ही द्यायला आलोय."

"हात पिठात आहेत," नेव्हा म्हणाली, "नाहीतर तू विचार बदलायच्या आत घेतली असती."

"एक अट आहे. आधी एक दिवस माझ्या होडीत चालव."

तिने कणीक आणखी दोनदा आपटली. "आणि तू कुठे बसणार?"

"पुढे."

नेव्हाने कणकेचा गोळा साच्यात टाकला. "पाव भाजून होऊ दे," म्हणाली.

मला मागची बैठक मिळाली, तोंड न उघडण्याच्या बोलीवर. नेव्हाने होडी काठापासून अशी नेमक्या अंतरावर धरली, की मला आर्डिसच आठवली. पण बोलीमुळे ते सांगता येईना. व्हर्लिनने दोन ट्राउट पकडले, सोडले. खांदा दुखत होता, पण कुरकुर नाही. वळण आलं. वाकडा विलो दिसला. व्हर्लिन उभा राहिला, काठी उचलली.

"आत," मागून नेव्हा म्हणाली. "अजून आत. झाडाला लाजू नकोस."

व्हर्लिनचा हात हवेतच राहिला. दोरी सैल होऊन खाली आली आणि गळ त्याच्याच टोपीत रुतला. विलो आला तसा गेला.

"तीन वर्षं वाट बघितलीस," नेव्हा म्हणाली, "आणि टोपी पकडलीस?"

तो मागे वळला नाही. "हे असं कोण म्हणायचं?"

"आमचे बाबा. आम्हा दोघींना वल्ही शिकवताना." मग तिने विचारलं, "का रे?"

"काही नाही. अजून एकदा म्हण."

पुढे नुसता उघडा दगडी काठ होता. झाड नाही, झुडूप नाही, मासा असण्याचं कारण नाही. नेव्हाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग समोर बघत हळूच म्हटलं, "झाडाला लाजू नकोस." व्हर्लिनने टोपीतून गळ सोडवला आणि माशी त्या दगडांजवळ टाकली. बरोबर वीतभरावर.

धक्क्यावर नेव्हाने वल्ही आपल्या गाडीत घातली. शब्द तो शब्द.

"पुढच्या जूनला घेऊन ये," तो म्हणाला.

"पाणी चढलं की फोन कर. उचलेनच असं नाही."

ती गेली. होडी आमच्या गाडीमागे बांधून झाली, तरी व्हर्लिन पुढच्या बैठकीवरून उतरेना.

"चल की," मी म्हटलं.

"बसतो जरा. इथून नदी वेगळी दिसते."