गिअर माझ्याकडे, क्लच त्यांच्याकडे

जानेवारीतला शेवटचा रविवार, सकाळ. जागा: घाटंजी रस्त्यावरच्या बंद जिनिंगचं आवार.

हजर: मी. यजमान. जिनिंगचे मालक, यजमानांचे शाळेपासूनचे मित्र, म्हणून माझे भाऊजी. पुसदचे ठेकेदार, त्यांची नवी जर्मन गाडी घेऊन. घाटंजीच्या ननंदबाई, यजमानांच्या थोरल्या बहीण, गोवऱ्यांवर भाजायच्या रोडग्यांची कणीक आणि पिशवीभर वांगी घेऊन. अ‍ॅम्ब्युलन्स आणि तिचे चालक. शिवाय आमची निळी गाडी: दोन सीटची, जुनी जपानी, जमिनीपासून वीतभर उंच. गावातल्या गतिरोधकांवरून ती जाऊच शकत नाही. त्यासाठी भाऊजींच्या पिकअपमधून दोन फळ्या आणाव्या लागतात. फळ्याही हजर होत्या.

हिवाळ्यात आम्ही चार-सहा हौशी लोक असे जमतो. पूर्वी जिथे कापसाचे ढीग लागायचे ते सिमेंटचं पटांगण आणि गोदामांभोवतीचा रस्ता मिळून आमचा ट्रॅक होतो. वळणांवर चुन्याने रंगवलेले जुने टायर ठेवायचे. एका वेळी एकच गाडी. शर्यत नाही, फक्त भाऊजींचं घड्याळ. खिळे झाडून काढणं, अग्निशामक नळकांडी, पाणी, हेल्मेटं हे सगळं माझ्याकडे. नियमही माझेच.

त्यातला एक नियम पुसदच्या ठेकेदारांमुळे करावा लागला. मागच्या वर्षी त्यांनी वजनकाट्याजवळचं वळण एका हाताने घेतलं होतं, कारण दुसऱ्या हाताने ते तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. तीन टायर उडाले. तेव्हापासून नियम: दोन्ही हात स्टेअरिंगवर, सुटला तर फक्त गिअरसाठी. खर्र्याची पुडी माझ्या डब्यात जमा. जाताना परत.

निळी गाडी यजमानांची. नोकरीत असताना पै-पै जमवून घेतलेली. त्यांच्याइतकी स्वच्छ वळणं इथे कुणी घेत नसे, हे ठेकेदारही मान्य करायचे. गेल्या वर्षी पोळ्यानंतर त्यांना लकवा मारला. जीभ सुधारली, पाय सुधारला. डावा हात मात्र अर्ध्यावर थांबला. रिकामा पेला धरतो, भरलेला धरत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली नव्हती, पण गिअर नसलेली घ्या म्हणाले. निळ्या गाडीचा गिअर डाव्या हातानेच टाकायचा.

 ते रोज उजव्या हाताने गाडी पुसायचे. संध्याकाळी तिचं दार उघडं टाकून आत बसायचे आणि पेपर वाचायचे. मी चहा तिथेच नेऊन द्यायची. गाडी विकायचा विषय मी दोनदा जिभेवर आणला आणि दोनदा गिळला.

मग डिसेंबरात आम्ही बाभुळगावच्या एका लग्नातून घरच्या साध्या गाडीने परत येत होतो. चालवत मी होते, ते डाव्या सीटवर. चढावर मी तिसऱ्यातच रेटत होते.

"इंजिन रडून राह्यलं ना," ते म्हणाले. "क्लच दाब."

मी दाबला. त्यांनी समोर बघतच उजवा हात पुढे केला आणि गिअर खाली आणला. इतका मऊ, की मला कळलंही नाही. पुढे घर येईपर्यंत मी नुसता क्लच दाबत होते आणि गिअर ते टाकत होते. फाटक उघडायला मी उतरले तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की हे उलटंही होऊ शकतं. स्टेअरिंग, ब्रेक, क्लच त्यांच्याकडे. गिअर माझ्याकडे.

रात्रीच्या जेवणात मी हे सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"तुले कायले त्रास?"

"त्रास नाही. सराव करावा लागेल. भाऊजींना उद्या विचारते."

सराव केला. आधी उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून. नंतर आठवड्यातल्या सकाळी जिनिंगच्या रिकाम्या आवारात, पायी चालणाऱ्याच्या वेगाने. ते आकडा सांगायचे, मी टाकायची. पण वेगात आणि लोकांसमोर असं त्या रविवारपर्यंत झालं नव्हतं. त्यांना तेच हवं होतं. शनिवारी त्यांनी हेल्मेटची काच तीनदा पुसली.

हेल्मेटचा पट्टा मी लावून दिला आणि ते उजव्या सीटवर बसले. तेवढ्यात ठेकेदार आले.

"वहिनी, थांबा. दोन्ही हात स्टेअरिंगवर. रूल तुमचाच हाय ना? माझा खर्रा जप्त करून राह्यल्या अन् दादाले सूट?"

सगळे हसले. ठेकेदारही हसत होते, पण डोळ्यांत चेष्टा नव्हती. मागचं वळण त्यांना आठवत असणार.

गोवऱ्यांच्या आरापासून ननंदबाई उठून आल्या. हाताला कणीक तशीच.

"बरं झालं कोणीतरी बोललं. मले एकच भाऊ हाय. दवाखान्यात अकरा रात्री मी बसली, हिले विचारा. आता हे कायले पाहिजे?"

"ताई, पडत नाही मी."

"तुले कोणी विचारलं?"

 यजमान माझ्याकडे न बघता म्हणाले, "राहू दे. रूल त रूल असते." आणि उजव्या हाताने पट्टा सोडवू लागले. तो एका हाताने सुटत नाही. दोन बाजू दाबून मागे ओढावा लागतो. ते ओढत राहिले. मी मदतीला हात पुढे केला आणि तिथेच थांबवला. हा पट्टा मी आता सोडवला, तर तो पुन्हा लावायला ते मला कधीच सांगणार नाहीत, एवढं त्या वेळी मला लख्ख दिसलं.

मी ठेकेदारांकडे वळले. "भाऊ, गिअर टाकताना तुमचा एक हात सुटतो की नाही?"

"सुटते ना. सगळ्यांचाच सुटते."

"म्हणजे तेवढा वेळ तुम्हीही एकाच हातावर असता. यांचा उजवा एकदाही सुटणार नाही. गिअर मी टाकणार. वजनकाट्याचं वळण दुसऱ्यात, कुठेही तिसऱ्याच्या वर नाही. पहिली फेरी सावकाश, तुम्ही स्वतः वळणावर उभे राहून बघा. नको वाटलं तर झेंडा दाखवा. मी गाडी थांबवायला लावेन, आणि हे थांबवतील."

"थांबवतील का?"

"थांबवीन ना बाप्पा," यजमान म्हणाले.

ठेकेदारांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी घड्याळ खिशात घातलं. "पहिल्या फेरीचा टाइम नाही घेत मी. जाऊ द्या."

ननंदबाई अजून गाडीच्या दाराशी होत्या. "तू बसून राह्यली ना बाजूले?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

त्यांनी कणकेचा हात भावाच्या हेल्मेटवर ठेवला. पांढरी बोटं उमटली. "मग जा. अन् रोडगे निवू देऊ नका."

पहिल्याच बदलाला मी घाई केली. गाडी दात खाल्ल्यासारखी करकरली.

"अवं थांब जरा! क्लचवर पाय त पडू दे."

"तुम्ही 'दोन' म्हणालात."

"म्हटलं, पण पाय पडाचा होता!"

गोदामांमागे आम्ही दोघं हेल्मेटच्या आत ओरडत होतो. वजनकाट्यापाशी ठेकेदार झेंडा हातात घेऊन उभे होते. झेंडा खालीच राहिला. दुसऱ्या फेरीला त्यांनी तो काखेत धरला आणि आमच्याकडे हात हलवला.

तिसऱ्या फेरीत यजमानांनी वेग घेतला. पटांगणाच्या टोकाला ब्रेक, मग एका ओळीत वळण, टायरांना स्पर्श नाही. हे वळण मी बाहेरून कितीदा तरी पाहिलं होतं, आतून पहिल्यांदाच. खांदे अजिबात हलत नव्हते. उजवा हात एकटा चाक फिरवत होता, आणि त्याला घाई नव्हती.

त्यांचा डावा हात मांडीवर होता. त्या वळणावर तो घसरला आणि गिअरवर असलेल्या माझ्या हातावर येऊन पडला. मला वाटलं, त्यांना तो उचलता येत नसेल. उचलून द्यावा का, असा विचार करत होते. रस्ता सरळ झाला, क्लच दाबला गेला आणि त्या हाताने माझा हात दाबला. जेमतेम, रिकामा पेला धरतो तेवढाच. आकडा त्यांनी सांगितला नाही. मी तिसरा टाकला. करकर झाली नाही.

 त्यानंतर शेवटपर्यंत हात दाबला की मी बदलायचं, एवढंच. एकदा तो दाबायच्या आधीच मी गिअर बदलला, इंजिनच्या आवाजावरून, आणि त्याच क्षणी त्यांचा पाय क्लचवर होता.

उतरल्यावर ठेकेदारांनी भाऊजींच्या हातातलं घड्याळ वाचलं.

"दादा, सगळ्यात मागं हा टाइम! दोन-दोन ड्रायव्हर असून?"

"एक ड्रायव्हर घरचा हाय," यजमान म्हणाले. "त्याले घाई नाही."

ननंदबाईंनी पट्टा सोडवायला हात पुढे केला. त्यांना जमेना. तो मी सोडवला. मग सगळे रोडगे खायला बसलो. यजमानांनी तीन खाल्ले, तुपासकट. डॉक्टरांनी एकच सांगितला होता. 

सोमवारी माझा उजवा खांदा हलेना. डावी सीट नुसत्या बसणाऱ्यासाठी आहे, गिअर टाकणाऱ्यासाठी नाही, त्यामुळे फेरीभर मी पुढे वाकून होते. यजमानांनी खाली वाकून, टॉर्च दातांत धरून पाहिलं. सीट दोन बोटं पुढे घेता येते, पण ती सरकते त्या रुळाचा मागचा नट गंजलाय. पाना घसरतो. दोन दिवस तेल सोडून ठेवलं, भाऊजींनी लांब दांड्याचा पाना पाठवला, तरी तो हललेला नाही. पुढचा रविवार ठरलाय. नट अजून तसाच आहे.