बाळापूरची माळीणबाई

माळीणबाई आधी मारत आणि मग विचारत. त्यांचा पहिला तडाखा मला बसला तो अकोल्याच्या कापसाच्या बाजारात, आणि तोही त्यांनी माझा जीव वाचवल्यावर.

मी तेव्हा बाविशीत होतो. नगरकडून पाद्रीसाहेबांबरोबर वऱ्हाडात सुवार्ता सांगायला आलो होतो. अमेरिकेत लढाई पेटली होती आणि तिकडचा कापूस यायचा थांबला होता, त्यामुळे इकडे कापसाला कधी नव्हता इतका भाव आला होता. गाडी पुढे काढण्यावरून माणसं एकमेकांची डोकी फोडत. त्या गर्दीत मी एका दगडावर उभा राहून बोलू लागलो. वाट अडली म्हणून एका गाडीवानानं मला खाली ओढलं आणि बैल हाकायच्या पराणीनं झोडपायला सुरुवात केली. मी हात जोडून उभा राहिलो. शिकवणच तशी होती. कपाळाचं रक्त डोळ्यांत उतरलं, तेवढ्यात वांग्यांच्या पाटीमागून एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई उठली. तागडीची लाकडी दांडी तिनं गाडीवानाच्या मनगटावर हाणली, मग पाठीत, मग पुन्हा पाठीत. तो पळाला. मग वळून तिनं माझ्या कानाखाली वाजवली.

“काहून रे, मार खाऊन राहिला अन् वरून हात जोडून राहिला? तुले माय नाही काय?”

“नाही,” मी म्हणालो. खरंच नव्हती.

याच माळीणबाई. पदर फाडून त्यांनी माझं कपाळ बांधलं आणि पाटीतली भाकर पुढे केली. मी कोणत्या जातीतून ख्रिस्ती झालो, हे त्यांनी तेव्हाही विचारलं नाही आणि पुढेही नाही.

पुढचा मुक्काम बाळापूरला, गावाबाहेर तंबूत पडला. माळीणबाईंचा मळा तिथंच नदीकाठी होता. नवरा कधीच वारला होता. मुलगा गणपत विहिरीवर मोट हाकी, त्या भाजी विकत. गावानं चिंचोळ्या पट्ट्यांतसुद्धा कापूस पेरला होता. त्यांनी वांगी, मेथी सोडली नाही. “कापूस शिजोवतेत काय?” म्हणायच्या. एकदा अकोल्याची वाट जवळ पडते म्हणून दोघा गाडीवानांनी गाड्या थेट मेथीतून घातल्या. बाईंनी कुऱ्हाडीच्या दोन घावांत पहिल्या गाडीचं जू तोडलं. दुसऱ्यानं त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. त्या दात थुंकल्या आणि त्याच्या अंगावर धावून गेल्या. मी मध्ये पडलो, तर दोन्हीकडचे तडाखे मलाच बसले.

संध्याकाळी सुजलेल्या गालावर हळद लावून त्या माझ्याकडून येशूच्या गोष्टी ऐकत. येशूला धरायला आलेल्या एकाचा कान शिष्य पेत्रानं तलवारीनं कापला, हे ऐकून त्यांनी मांडीवर थाप मारली. “हा आपला माणूस!” पण येशूनं तो कान परत जोडला म्हटल्यावर त्या भडकल्या. “मले नाही पटत,” म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मग गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. पाद्रीसाहेब औषधं आणायला अमरावतीला गेले होते. उरलेली बाटली घेऊन मी घरोघर फिरत होतो. कोणी वाचे, कोणी जाई. गणपतच्या बायकोला उलट्या सुरू झाल्या तेव्हा माळीणबाई स्वतः मला बोलवायला आल्या. मी औषध पाजलं, दिवसभर तिच्या उशाशी बसलो. दिवस कलताना ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात आवई उठली की, पाद्र्यानं विहिरीत विष कालवलं. दुपारी पन्नासएक माणसं तंबूवर आली. दोर कापले, पेटी फोडली. एक दगड माझ्या बरगडीत बसला आणि मी पडलो. माझ्या छातीवर पाय देऊन उभा राहिला तो गणपत. हातात कुऱ्हाड होती आणि डोळे रडून लाल झाले होते.

“यानंच मारलं तिले!”

“गण्या, याले म्या बोलावलं होतं,” मागून आवाज आला. “मारायचं तर मले मार.”

त्यानं ऐकलं नाही. कुऱ्हाड वर गेली. माळीणबाईंनी तागडीची दांडी दोन्ही हातांनी धरून त्याच्या उजव्या कोपरावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. गणपत गुरासारखा ओरडला, आणि त्याच्याहून मोठ्यानं त्या ओरडल्या. त्यांनी दांडी टाकली आणि त्याला छातीशी धरलं. गर्दी हळूहळू मागे सरली.

हात सांधला, पण कोपर वाकेना. एक दिवस गणपत काही न सांगता घरातून निघून गेला. गावानं माळीणबाईंच्या पाटीला हात लावणं बंद केलं.

त्यानंतर पंधरवड्यानं, परतलेल्या पाद्रीसाहेबांबरोबर मी निघालो. मी मळ्यावर गेलो तर त्या स्वतःच मोट हाकत होत्या. मला पाहून त्यांनी बैल थांबवले. हे सगळं माझ्यामुळे झालं, असं मला म्हणायचं होतं. पण म्हणालो, “माळीणबाई, मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करीन.”

“माह्यासाठी नोको,” त्या म्हणाल्या. “गण्याच्या हातासाठी कर.” आणि बैल हाकले.

पुढे मी पाद्री झालो. कितीक लोकांसाठी देवाजवळ मागितलं, त्यातले बरेच आता विसरलो. गणपत परत आला की नाही, मला कधी कळलं नाही. पण रोज सकाळी गुडघे टेकतो तेव्हा सगळ्यांत आधी त्याच्या त्या उजव्या हातासाठी मागतो.